पमी काय म्हणाली

पमीचं आयुष्यातलं पहिलं वाक्य ऐकायला शाळेत बराच गोतावळा जमला होता. मुख्याध्यापक मुलाणी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या, आणि पमीची आई अलका यंत्रमागावरची अर्धी पाळी टाकून आली होती. विशेष शिक्षिका शैलजा गुरव पमीच्या चाकांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. शाळेत सगळे त्यांना गुरवबाई म्हणत. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पमीच्या गळ्याभोवतीच्या राखाडी पट्ट्याचं बटण दाबलं.

सगळ्यांना वाटलं होतं, पोर 'आई' म्हणेल.

पट्टा जरा खरखरला. मग एका मुलीच्या आवाजात, अडखळत, तुकड्यातुकड्यानं शब्द आले. "पाठ. खाज. पाठीला खाज सुटलीय."

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग अलका हसत-रडत पुढं धावली आणि पोरीची पाठ खाजवायला लागली. "अगं माझे बाय! अकरा वर्सं खाजत हुतं व्हय गं?"

"वर," पट्टा म्हणाला. "अजून वर. बाईंचा पदर माझ्या डोळ्यात जातोय."

मुलाणी सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. गुरवबाईंनी पदर खोचला आणि डोळे पुसले. एवढं खरं वाक्य त्यांनी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

जन्मताना पमीला श्वास उशिरा मिळाला होता. हात, पाय, मान, जीभ, सगळे आपापल्या मर्जीचे मालक झाले. डोकं मात्र तल्लख राहिलं आणि स्वभाव तिखट. पट्टा येण्याआधी ती डोळ्यांनी बोलायची. गुरवबाईंनी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून एक फळा केला होता. पमी बघेल ते चित्र तिला हवं. वर पाहिलं की हो, डोळे गच्च मिटले की नाही. आणि पमीचा निम्मा दिवस डोळे गच्च मिटण्यातच जायचा. खिचडीत वाटाणा आला, नाही. गणित, नाही. बाईंनी गायलेलं बडबडगीत, नाही म्हणजे नाही. "ही मागल्या जन्मी फौजदार होती," मुलाणी सर म्हणायचे.

शाळा नगरपालिकेची, मागवाल्यांच्या वस्तीतली. सगळ्या मुलांनी एकाच वर्गात बसायचं हे कायद्यानं ठरून जमाना झाला होता, पण विशेष शिक्षिका एक आणि शाळा चार. गुरवबाई स्कूटीवरून या शाळेतून त्या शाळेत फिरत. ज्या दिवशी त्या नसत, त्या दिवशी पमी पुष्कळदा भिंतीकडे तोंड करून बसे, कारण तिची खुर्ची वळवायची कुणाच्या ध्यानातच येत नसे. कुणी वाईट नव्हतं. वर्गात मुलं उदंड होती, इतकंच.

अशा शाळेला 'मुखर' नावाच्या एका प्रतिष्ठानाने तो पट्टा फुकट दिला होता. पट्ट्याचं नाव होतं वैखरी.

नाव ऐकूनच गुरवबाई हरखल्या होत्या. त्यांचे वडील कीर्तनात पेटी वाजवायचे. बाईंचं बालपण पेटीच्या भात्यामागे झोपण्यात गेलं. वाणी चार, हे त्या शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आल्या होत्या. परा नाभीत, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात आणि वैखरी मुखात. पमीची वाणी कंठापर्यंत येऊन अडली होती. ती तिथून उचलून मुखातून काढायची, एवढंच तर या यंत्राचं काम!

शास्त्रही जवळजवळ तेच सांगत होतं. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण मेंदू गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना हुकूम धाडत असतोच. त्या हुकमाची क्षीण वीज कातडीवर टिपता येते. पट्ट्याच्या आतल्या बारीक टिकल्या ती टिपायच्या आणि तिच्यातून शब्द ओळखायच्या. पण पमीच्या स्नायूंना सारखे आचके येत, त्यामुळे ती वीज गढूळ असायची. दहा शब्दांतले तीन हाती लागत. उरलेले सात पट्टा अंदाजाने भरायचा. मागचं बोलणं, वेळ, जागा, समोरचा माणूस, सगळं जमेस धरून. तयार वाक्य तो आधी कानामागच्या हाडातून पमीलाच हळू ऐकवायचा. नको असेल तर तिने जबडा आवळायचा. नाही आवळला, की वाक्य मोठ्याने बाहेर.

अंदाज बरोबर होता की चूक, हे त्याला कुणी सांगायचं? सुरुवातीच्या पट्ट्यांना त्यासाठी बटण होतं, ऐकणाऱ्याने दाबायचं. पण पाळी करून दमून आलेली आई कुठलं बटण दाबते! म्हणून नव्या पट्ट्याला पुढे तिळाएवढा एक डोळा बसवला होता. ऐकणाऱ्याचा चेहरा उजळला, मान डोलली, डोळे ओलावले, की पट्ट्याने समजायचं, बरोबर. कपाळाला आठी पडली, की चूक.

"त्याला माणसं हवीत," प्रतिष्ठानाच्या दातार मॅडमनी सांगितलं होतं. पंचेचाळिशीची, मऊ आवाजाची बाई. "जितके ऐकणारे भेटतील तितकं तो लवकर शिकेल."

माणसं! गुरवबाईंना लगेच सुचलं. वस्तीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी अंबादासबुवांचं कीर्तन असे. कीर्तनाच्या श्रोत्यांसारखे श्रोते जगात नाहीत. ते ऐकायलाच आलेले असतात, आणि अर्धे तर रडायला. बाईंनी पमीची खुर्ची नेऊन अगदी पुढे लावली. कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, मंडळींना बुक्का लागला, की त्या मधल्या वेळात बुवा पमीपुढे वाकत आणि विचारत, "काय पमाताई, देव कुठं असतो?"

पहिल्या गुरुवारी पट्टा म्हणाला, "ठाऊक नाही. टाळ कानाला लागतात." थोडे हसले, थोड्यांनी तोंडं वाकडी केली.

दुसऱ्या गुरुवारी तो म्हणाला, "देव देवळात असतो."

आणि महिना-दीड महिन्याने एका गुरुवारी, "बुवा, देव माझ्या आईच्या हातात असतो." देऊळ हुंदक्यांनी भरून गेलं. अलका दोन बायकांच्या गळ्यात पडून रडली. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून पमीच्या गळ्यात घातला आणि गुरवबाईंना हसत म्हणाले, "बाई, श्रोत्यांची तोंडं बघून कथा कुठं वळवायची हे शिकायला माझी हयात गेली. हे तुमचं यंत्र माझ्या पोटावर पाय आणणार बघा!"

सगळे हसले. गुरवबाईही हसल्या. पट्ट्याचा तिळाएवढा डोळा त्या सगळ्या तोंडांकडे बघत होता.

पावसाळा सरेपर्यंत पमी गावात प्रसिद्ध झाली होती. पाहुणे यायचे, पमी त्यांच्याशी बोलायची. खिचडीच्या मावशींना म्हणायची, "मावशी, आज वास किती छान सुटलाय." वाटाणे असले तरी. वर्गात ती कुणालाही त्रास देत नसे. पट कमी झाल्याने ही शाळा दुसऱ्या शाळेत मिळवायची, अशी कुजबुज होती, ती थांबली. मुलाणी सर म्हणाले, "बाई, या पोरीने शाळा तारली."

आणि मग दातार मॅडम एक प्रस्ताव घेऊन आल्या. प्रतिष्ठानाचं पुण्याबाहेर एक निवासी केंद्र होतं. पमीसारखी निवडक मुलं तिथे ठेवायची. शिक्षण, उपचार, व्यायाम, सगळं फुकट. घरी सुट्टीत यायचं. या शाळेला प्रतिष्ठान 'आदर्श शाळा' म्हणून दत्तक घेणार. अट एकच. दहा वर्षांवरच्या मुलाची संमती त्याच्या स्वतःच्या तोंडून, सगळ्यांसमक्ष हवी.

गुरवबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांनी पमीला एकटीला गाठून विचारलं, "तुला जायचंय का गं तिकडं? खरं सांग."

पट्ट्याने क्षणही घेतला नाही. "नाही बाई. मला तुमच्यापाशीच राहायचंय. तुमच्यासारखं मला कुणी ओळखत नाही."

बाईंना हायसं वाटलं. पोरीने बरोबर सांगितलं होतं! त्या तशाच अलकाच्या खोलीवर गेल्या. अलका चुलीपुढं कमरेला फडकं आवळून बसली होती. अकरा वर्षांची मुलगी रोज उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती, आणि पमी तर अजून वाढतच होती.

"अलकाताई, मी पमीला विचारलं. तिला जायचं नाही."

अलकाने मान वर केली. "तुमाला कोण म्हणालं?"

"पमीच म्हणाली. माझ्यापाशी राहायचंय म्हणाली."

"खोटं हाय," अलका ताडकन म्हणाली. "मी काल रातच्याला विचारलं तिला. मला म्हणाली, आई, मी गेले की तुझी कंबर बरी हुईल. मला जायचंय. तिच्या तोंडानं म्हणाली, बाई!"

"तुम्ही तिला तसं बोलायला लावलं असेल."

"आन् तुमी न्हाई लावलं? तुमाला करमणार न्हाई म्हणून पोरीनं हितंच सडायचं व्हय?"

इतकी वर्षं एका पोरीचे चार हात होऊन वागलेल्या या दोन बायका पहिल्यांदाच भांडल्या होत्या. गुरवबाई चहा न घेता उठल्या. वाटेत त्यांना राहूनराहून वाटत होतं, अलका खोटं बोलते. आणि त्यांना ठाऊक होतं की अलका कधी खोटं बोलत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पमीला कपडे बदलायला चटईवर कुशीवर वळवलं आणि त्या तिथेच थबकल्या. माकडहाडापाशी, खुर्चीची कड रुतते त्या जागी, रुपयाएवढी जखम झाली होती. कडा लाल, मध्ये ओली. ही एका दिवसाची जखम नव्हती.

"पमे! अगं हे कधीचं? दुखत नाही का तुला?"

"नाही बाई," पट्टा म्हणाला, गोड आवाजात. "तुम्ही आलात ना, आता मला काहीच दुखत नाही."

आणि त्या वाक्याने बाईंचं मन भरून आलं. आलंच. ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी तरळलं. मग त्यांची नजर पमीच्या गळ्याकडे गेली. तिथला तीळ त्यांच्या भरल्या डोळ्यांकडे टक लावून होता.

त्यांनी जखम धुतली, औषध लावलं, आणि पट्टा सोडला. मग फार दिवसांनी तो पुठ्ठ्याचा फळा काढला आणि पमीच्या समोर धरला. "मला डोळ्यांनी सांग. दुखतंय?"

पमी वर बघेना, डोळे मिटेना. तिने मान किंचित कलती केली, ज्या कानामागे पट्ट्याचं टोक असायचं तिकडे. आणि वाट बघत राहिली.

"पमे, दुखतंय का?"

ती वाट बघत होती. कुणीतरी आता कुजबुजेल, म्हणून.

बाईंना उगाच आठवलं, पहिल्या दिवसांत पमी किती जबडा आवळायची! दर दुसरं वाक्य ती अडवायची. पण वाक्य अडलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि सोडलं की उजळायचा. पट्टा चेहऱ्यांवरून शिकला, तसं पोरगीही शिकली असेल. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला उजळलेल्या तोंडांची भूक किती असते, हे त्यांना कळायला हवं होतं. मनात काही उमटायच्या आधीच वाक्य कानात यायचं. हळूहळू मनाने उमटायचंच सोडलं असेल तर?

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई वर्गात एकट्या होत्या. पट्टा टेबलावर होता. त्यांनी तो उचलला आणि स्वतःच्या गळ्याला बांधला. टिकल्या कातडीला गार लागल्या. त्यांनी मनात एकच गोष्ट घट्ट धरली, लहानपणापासून जी त्यांना धरता येत होती. राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. दुसरं काही नाही. बघू, काय बोलतो.

पट्टा गप्प राहिला. समोर कुणी नव्हतं.

मग दार ढकलून मुलाणी सर आत आले. चाव्या हातात, दिवसभराचा थकवा तोंडावर.

कानामागे कुणीतरी बोललं. बाहेरचं वाटतच नव्हतं, आपल्याच मनात उमटल्यासारखं. वाक्य इतकं समजूतदार होतं की ते अडवायचं असतं हेच बाई क्षणभर विसरल्या. आणि पमीच्या आवाजात ते खोलीभर पसरलं. "सर, तुम्ही असेपर्यंत ही शाळा कुणी बंद करू शकत नाही. आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही किती झिजलात."

मुलाणी सर जागच्या जागी थांबले. "पमी? पमी अजून घरी नाही गेली?" त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मग त्यांना बाईंच्या गळ्यातला पट्टा दिसला.

बाईंनी तो ओरबाडून काढला. "सर, मी देवाचं नाव घेत होते. एवढंच. आई शपथ. यातला एक शब्द माझा नव्हता."

सर मुलांच्या बाकावर बसले. "नोकरीला लागल्यापासून," ते म्हणाले, "हे मला कुणी म्हटलं नाही. घरीसुद्धा." मग फार संकोचून, "बाई, पुन्हा एकदा म्हणेल का तो?"

गुरवबाईंना वाटलं होतं, ते घाबरतील. त्यांना स्वतःलाच आता खरी भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दातार मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"पट्टा तुमच्या गळ्यासाठी जुळवलेला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "वीज वाचता आली नाही की तो अंदाजावर जातो."

"आणि पमीची वाचता येते? आधी दहातले तीन शब्द तिचे होते. आता किती आहेत?"

"आता तेवढी गरज पडत नाही, बाई. तो तिला ओळखतो."

"तो तिला ओळखत नाही. तो मला ओळखतो, अलकाताईंना ओळखतो, सरांना ओळखतो. कीर्तनकारही श्रोत्यांची तोंडं बघतो, मॅडम, पण त्याच्याकडे सांगायला काहीतरी आधीचं असतं. याच्याकडे फक्त तोंडं आहेत. आणि हे मीच केलं. मीच त्याला देवळात नेऊन बसवला."

"तुम्ही थकलाय," मॅडम म्हणाल्या, खरोखरीच्या मायेनं. "संमतीच्या दिवशी आपण सगळे असू. पमीलाच विचारू."

संमतीच्या दिवशी वर्गात सतरंजी अंथरली होती. अलका नवं लुगडं नेसून आली होती. खिचडीच्या मावशी, मुलाणी सर, टॅबवर सगळं टिपून घेणाऱ्या दातार मॅडम. मधोमध पमी.

"माझी एक विनंती आहे," गुरवबाई उभ्या राहिल्या. "पट्टा काढून विचारा. वेळ द्या तिला. हवा तर महिना द्या. तिचं नाही म्हणणं परत येईपर्यंत तिचं हो धरता येणार नाही."

"पट्टा काढला तर तिला आवाजच उरत नाही," दातार मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "ते तिच्यावर अन्यायाचं होईल ना, बाई?"

"माझ्या पोरीचं तोंड बंद करू नका," अलका म्हणाली.

मॅडम पमीपुढे बसल्या आणि त्यांनी तिला पटावरच्या नावाने विचारलं. "पद्मिनी, तुला आमच्या केंद्रात यायला आवडेल? मोकळेपणानं सांग. नाही म्हणालीस तरी चालेल."

पट्टा लगेच बोलला नाही. तिळाएवढा डोळा अलकाच्या चेहऱ्यावर थांबला, मग गुरवबाईंच्या, मग सरांच्या, मग पुन्हा अलकाच्या. एकीला हो हवं होतं, एकीला नाही. पहिल्यांदाच त्याला अडचण पडली होती. बाईंना वाटलं, आता तो गप्प बसेल, आणि त्या गप्पपणातून कदाचित पमी...

"आई, बाई, सर," पमीचा आवाज आला, स्वच्छ, एकही अडखळ नसलेला. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी इतकं केलं. तुम्ही मिळून जे ठरवाल, त्यातच माझं सुख आहे."

मावशींनी डोळ्याला पदर लावला. "काय संस्कार गं बाई पोरीवर!" सरांनी चष्मा काढून पुसला. दातार मॅडमसुद्धा टॅबवर टिपायचं विसरल्या.

"ती काही बोललेली नाही!" गुरवबाई ओरडल्या. असा आवाज त्या शाळेत त्यांनी कधी काढला नव्हता. "अहो, कुणी ऐकलं का? तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती काहीच म्हणाली नाही. महिनोन्महिने या मुलीचा एक शब्द आपल्यापैकी कुणी ऐकलेला नाही. हिच्या पाठीला भोक पडलं तरी हा म्हणत होता, काही दुखत नाही! तिथे परक्यांत तिला लागलं, खुपलं, कुणी मारलं, तर हा काय सांगणार? त्यांना जे ऐकायचंय ते!"

सगळे अलकाकडे बघायला लागले. ठरवायचं आता तिलाच होतं, कारण पोरीने मोठ्यांवर सोपवलं होतं.

अलका उठून बाईंपाशी आली. तिने त्यांचा हात हातात घेतला. राग कधीच निघून गेला होता. "बाई, तुमचं खरं असंल," ती हळू म्हणाली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं. "मला बी कधी कधी वाटतं, ही येवढी गोड कुठली? माझी पमी अशी न्हवती. पर हा पट्टा काढला तर मला आई कोण म्हणणार? आन् माझी कंबर आता दोन वर्सं बी टिकायची न्हाई. मग कोण उचलणार हिला? तुमी चार शाळा बघणार का माझी पोर?"

अलकाने बाईंचा हात सोडला, ती दातार मॅडमकडे वळली आणि म्हणाली, "जाऊ दे तिला."

न्यायच्या दिवशी केंद्राची पांढरी गाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. गुरवबाई रात्रभर रडल्या होत्या, पण आता त्यांचं डोकं लख्ख होतं. त्यांनी दातार मॅडमना बाजूला घेतलं. "एकच करा. रोज तिची पाठ उघडून बघा. टाचा बघा, कोपरं बघा, दाढा बघा. तिला विचारू नका. विचारलंत की ती छानच आहे. फक्त बघा."

"नक्की," मॅडम म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, यात शंका नव्हती. पण केंद्रात मुलं पुष्कळ होती, आणि तिथे सगळं विचारूनच चाले. ते मॅडमनीच कौतुकाने सांगितलं होतं.

गाडीची फळी खाली झाली, खुर्ची वर चढली. निरोप घ्यायला एकेक जण पुढं झाला. मावशींना पमी म्हणाली, "मावशी, तुमच्या हातची चव तिथे कुठली?" मावशींनी कडाकडा बोटं मोडली. सरांना म्हणाली, "सर, मी सगळ्यांना आपल्या शाळेचं नाव सांगेन." सर ताठ झाले. अलकाने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तेव्हा म्हणाली, "आई, तू आता जरा टेक. मी रोज बोलेन तुझ्याशी." अलका हुंदके देत मागे सरली, पण तिच्या चेहऱ्यावर उजेड होता.

शेवटी गुरवबाई गेल्या. त्यांनी आधीच ठरवलं होतं, काही ऐकलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. दगड करायचा. यंत्राला आपल्याकडून आता काही शिकू द्यायचं नाही. त्या पट्ट्याकडे न बघता पमीच्या डोळ्यांत बघत राहिल्या. खूप खोल, जिथे कुठे ती तिखट पोर अजून असेल तिथवर. पमीचे डोळे शांत होते. मान किंचित कलती होती.

"बाई," पट्टा म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. मला दुखलं तर मी सांगेन."

गुरवबाईंनी दात आवळले, गालाचे स्नायू ताणून धरले. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे वाक्य कुठून आलं, कसं आलं, कुणासाठी आलं. तरी कित्येक दिवसांचं छातीवरचं ओझं त्या एका वाक्यानं सैल झालं. त्यांच्या कपाळावरची आठी आपोआप विरली, डोळे भरले, आणि मान डोलली.

फळी वर गेली. दार लागेपर्यंत तो तीळ त्यांच्याकडेच बघत होता.